सणाच्या यादीत कोण कोण?



नाताळच्या आठवड्यातला आमचा कार्यक्रम संपला आणि स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "उपवास समजतो, प्रार्थना समजते, अनवाणी चालत जाणं समजतं. पण आज तुमच्यातली एक बाई म्हणाली, की आनंद करणं हीसुद्धा ख्रिस्ती माणसाची साधना आहे. खाणंपिणं नि गाणं ही साधना कशी? आणि सणाच्या दिवशी चुलीपुढून उठायलाच मिळत नसेल, तर आनंद करायचा कुणी?"

त्या दिवशी आम्ही घाईघाईत काहीतरी उत्तर दिलं. ते आमचं आम्हालाच पटलं नाही. मग गटातल्या ख्रिस्ती मैत्रिणींनी घरातलं बायबल आणलं, बाकीच्यांनी जुनी पुस्तकं शोधली, आणि आम्ही चार-पाच दुपारी वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी 'साधना' या शब्दाबद्दल. अमेरिकेत क्वेकर पंथाचे रिचर्ड फॉस्टर नावाचे धर्मोपदेशक आहेत. 1978 साली त्यांनी ख्रिस्ती साधनेवर एक पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. ध्यान, प्रार्थना, उपवास, अभ्यास, साधेपणा, एकांत, सेवा अशा बारा साधना त्यात आहेत. बारावी आणि शेवटची आहे आनंदोत्सव. गंमत अशी, की जुने क्वेकर लोक नाताळसुद्धा पाळत नसत. सगळे दिवस देवाचेच, मग एकाच दिवसाचं कौतुक कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्याच पंथातल्या माणसानं उत्सवाला साधनेच्या पंगतीत बसवलं. पण ही कल्पना फॉस्टरची नव्हे, ती फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद नावाच्या पुस्तकात, ती कायदा म्हणून येते.

कायदा असा. शेतात जे पिकेल त्याचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा. धान्य, द्राक्षारस, तेल, सगळ्याचा. आम्हाला वाटलं, हा हिस्सा देवळात जमा होत असेल. पण तिथं लिहिलंय, की हा दशमांश घेऊन देवाच्या ठिकाणी जायचं आणि घरच्यांसोबत बसून तो आनंदानं खायचा. देवस्थान फार लांब असेल आणि एवढं ओझं नेणं जमत नसेल, तर धान्य विकायचं, चांदी गाठीला बांधायची, तिथं पोचल्यावर त्या पैशातून मनाला येईल ते घ्यायचं आणि खायचं. बैल, मेंढरू, द्राक्षारस, सगळं यादीत आहे. त्यात कडक पेयही आहे. आमच्यातल्या निम्म्या बायका दारूबंदीच्या मोर्चात चाललेल्या आहेत, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण लिहिलंय ते लिहिलंय, आम्ही ते लपवत नाही.

गाठीला बांधलेली चांदी म्हटल्यावर आम्हाला पदराची गाठ आठवली. आपण बायका पदरात पैसे बांधतो ते दवाखान्यासाठी, पोराच्या फीसाठी, पाहुणे अचानक आले तर साखरेसाठी. आनंदासाठी म्हणून वेगळी गाठ कुणी मारत नाही. इथं तर आनंदाचे पैसे वर्षभर बाजूला ठेवायला लावलेत आणि ते दुसरीकडे वळवायची सोय ठेवलेली नाही. दर तिसऱ्या वर्षी मात्र हा हिस्सा गावातच साठवायचा, आणि ज्यांना जमीन नाही त्यांनी तो पोटभर खायचा.

ज्यांना जमीन नाही ते कोण, याची यादी त्याच पुस्तकात आहे. सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण हे दोन्ही सुगीचे सण. ते कुणासोबत साजरे करायचे हे एकेक नाव घेऊन सांगितलंय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, गावातला लेवी म्हणजे देवळाची सेवा करणारा बिनजमिनीचा माणूस, परका, पोरका आणि विधवा.

ही यादी आम्ही मोठ्यानं वाचली तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एकीनं विचारलं, "यात बायको कुठंय?" खरंच, बायको यादीत नाही. अभ्यासक सांगतात, की 'तू' म्हणजे घरधनी आणि घरधनीण दोघंही. असेलही. पण दोन-अडीच हजार वर्षं पुरुषांनी ही यादी वाचली, त्यातल्या किती जणांनी 'तू'मध्ये बायको धरली असेल, हा आमचा प्रश्न आहेच. दुसरी गोष्ट म्हणजे, शेवटचा शब्द वाचल्यावर आमच्यातल्या दोघी गप्प झाल्या. विधवा. सणाच्या यादीत विधवा. तिला उरलंसुरलं द्या असं तिथं म्हटलेलं नाही. ती पंगतीत बसली पाहिजे, तिनंही आनंद केला पाहिजे, अशी आज्ञा आहे. तिला बाहेर ठेवलं तर तो सण देवाच्या लेखी अपुरा. आपल्याकडे हळदीकुंकवाला कुणाला बोलावतात नि कुणाला नाही, हे आम्ही सांगायची गरज नाही. याकडे पुन्हा येऊ.

त्याआधी नहेम्याची गोष्ट, कारण ती बचत गटात सांगण्यासारखी आहे. ख्रिस्तापूर्वी सुमारे 445 सालची. यरुशलेमचे लोक परमुलखातल्या बंदिवासातून परत आले होते, शहराची तटबंदी पडली होती, राज्य इराणच्या बादशहाचं. तट बांधायचं काम चालू असताना लोकांनी, आणि त्यांच्या बायकांनी, मोठी ओरड केली. बायकांचा उल्लेख तिथं वेगळा केलेला आहे. दुष्काळात धान्यासाठी शेतं गहाण पडली, द्राक्षमळे गेले, घरं गेली. बादशहाचा सारा भरायला कर्ज काढलं. आता मुली दासी म्हणून द्यायची वेळ आलीय, आणि कर्ज देणारे कोण, तर आपलेच भाऊबंद. नहेम्या हा तिथला अधिकारी. त्यानं सावकारांना सभेत उभं केलं आणि शेतं, मळे, घरं, वर घेतलेलं व्याजही परत करायला लावलं.

हे झालं, तट पुरा झाला, आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे पाणीवेशीपुढच्या चौकात जमले. पुरुष, बायका, समजण्याच्या वयाची मुलं. एज्रा शास्त्र्यानं पहाटेपासून दुपारपर्यंत धर्मशास्त्र वाचून दाखवलं. ऐकता ऐकता लोक रडायला लागले. आपण किती चुकलो हे त्यांना कळलं असावं. आता कुठलाही धर्मगुरू असता तर म्हणाला असता, रडा, पश्चात्ताप करा. पण नहेम्या आणि एज्रानं त्यांना रडू नका म्हणून सांगितलं. घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, ज्याच्या घरी काही शिजलं नसेल त्याला वाटा पाठवा. देवानं दिलेला आनंद हेच तुमचं बळ आहे, असा त्या सांगण्याचा अर्थ. पुढे लोकांनी डोंगरावरून जैतून, मेंदी आणि खजुरीच्या फांद्या आणून घरांच्या धाब्यांवर, अंगणात, चौकात मांडव घातले आणि सात दिवस त्यात राहिले.

आम्हाला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी कर्जाचा निकाल लागला, मग सण झाला. गहाण पडलेल्या घरात बसून आनंद करा असं नहेम्या म्हणाला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'आनंदी राहावं' हा उपदेश बायकांच्या वाट्याला फार येतो. नवरा मारतो, तरी हसतमुख राहा. भाऊ हिस्सा देत नाही, तरी गोड बोल. ही साधना नव्हे, हे तोंड दाबणं झालं. बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक उघडून पाहा. दीडशे स्तोत्रांत रडण्याची, देवाशी भांडण्याची स्तोत्रं भरपूर आहेत आणि ती आनंदगीतांच्या शेजारीच ठेवली आहेत.

नव्या करारात पौलाचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र आहे. चारच अध्याय. पौल कैदेत होता, निकाल काय लागेल ते माहीत नव्हतं, आणि पत्रभर पुन्हा पुन्हा आनंदाची भाषा. फिलिप्पै हे मासेदोनियातलं शहर. तिथली मंडळी सुरू झाली ती लुदिया नावाच्या बाईच्या घरात. ती जांभळ्या कापडाचा व्यापार करायची. नदीकाठी बायका प्रार्थनेला जमत, तिथं पौलाची नि तिची गाठ पडली. म्हणजे बायकांच्या बैठकीतून उभी राहिलेली मंडळी ही.

आणि याच पत्रात, आनंद करा, पुन्हा सांगतो आनंद करा, असं जिथं पौल सांगतो, त्याच्या जरा वर दोन बायकांची नावं आहेत. युवदीया आणि सुंतुखे. दोघी कामाच्या, दोघींनी त्याच्या बरोबरीनं कष्ट केलेले, आणि दोघींचं पटत नव्हतं. पौल दोघींनाही स्वतंत्रपणे विनवतो, की एकमतानं राहा, आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याला सांगतो, की यांना मदत कर. भांडण कशावरून ते लिहिलेलं नाही. आमच्यातल्या खजिनदार म्हणाल्या, "हिशोबावरून असेल." ज्या गटात दोन बायका एकमेकींकडे पाठ करून बसल्यात, त्या गटाला आनंद करा म्हणणं सोपं नसतं. पौलानं ती गोष्ट झाकली नाही, नावं घेतली, मग पुढे गेला.

पुढची शतकं आम्ही भराभर सांगतो. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे जे पहिले ख्रिस्ती तपस्वी, ते कडक उपवास करणारे लोक. त्यांच्यातल्या इवाग्रियस नावाच्या साधूनं, जो 399 साली वारला, मनाला बिघडवणारे आठ विचार मोजले. खादाडपणा, लोभ, राग यांच्या रांगेत त्यानं खिन्नताही धरली. रोम शहरात 25 डिसेंबरला नाताळ पाळल्याची सर्वांत जुनी नोंद 336 सालची. इटलीतल्या ग्रेच्चो गावात 1223 साली असिसीच्या फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण मांडली. आज घराघरांत जो गोठा मांडतात, त्याची परंपरा त्या गव्हाणीकडे नेतात. नाताळच्या दिवशी बैलांना नि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण घालावी, असं फ्रान्सिसला वाटे. पोळ्याला पुरणपोळी खाणारा बैल ज्यांच्या दावणीला आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण चर्चनं आनंदाला नेहमीच जवळ केलं असं नाही, आणि हा भाग गाळला तर इतिहास खोटा पडेल. इंग्लंडमध्ये प्युरिटन लोकांचा जोर झाला तेव्हा 1647 साली तिथल्या पार्लमेंटनं नाताळच बंद केला. बायबलात असा सण सांगितलेला नाही आणि लोक त्या निमित्तानं दारू पिऊन धिंगाणा घालतात, ही त्यांची कारणं. दुसरं कारण अगदी खोटं नव्हतं. कँटरबरीत लोकांनी या बंदीविरुद्ध दंगा केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ला कायदा झाला, की नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो 1681 मध्ये उठला, पण सवय पुढे दीडेकशे वर्षं राहिली. याच मुलखातल्या मंडळींनी पाठवलेले अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अहमदनगरला गेले. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वाड्यांना धर्म आला तो सणांबाबत हात आखडता घेणाऱ्यांकडून. आणि त्या वाड्यांतला सगळ्यात मोठा सण आज कोणता? नाताळ. शब्दसुद्धा पोर्तुगीज.

पोर्तुगीजांची गोष्ट उलटी. त्यांच्याकडे सण, मिरवणुका, बाजा, सगळं होतं. पण आनंद त्यांच्या पद्धतीचा हवा. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय होतं, ते 1812 ला बंद झालं. या न्यायालयानं 1736 साली एक लांबलचक हुकूम काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लग्नात काय करू नये, त्याची जंत्री. हळद-तेल लावायचं नाही. पानविडे वाटायचे नाहीत. दारात तुळस नको. पुरुषानं धोतर नको, बाईनं चोळी नको. आणि बायकांनी लग्नघरात आपल्या भाषेतल्या ओव्या गायच्या नाहीत.

ओव्यांवर बंदी! जात्यावरची ओवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याआधी सव्वाशे वर्षं याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं ओवीतच ख्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 ला छापलं गेलं आणि चर्चमध्ये वाचलं जाई. पुरुषानं लिहिलेली ओवी पवित्र आणि बाईनं गायलेली ओवी गुन्हा, असा तो न्याय झाला. पण हुकूम काढणारे गेले आणि ओवी राहिली. कोकणी ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला 'रोस' म्हणतात, आणि तेव्हा बायका 'वोवियो' गातात. वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला नव्या भाताची कणसं कापून चर्चमध्ये नेतात, वसई-मुंबईकडे ऑक्टोबरात आगेरा करतात, तोही कणसांचाच सण. तो सुगीचा जुना दशमांश आणि भाताची ही लोंबी, यांचं नातं आम्हाला जवळचं वाटतं.

नगरकडे सण आला तो गाण्यातून. 1860 च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतलं. कृष्णराव सांगळे हे त्यांतले नावाजलेले कीर्तनकार. वीणा, मृदंग, टाळ आणि ख्रिस्ताची कथा, ऐकायला गावंच्या गावं बसत. पुढे 1895 साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी शेकडो भजनं रचली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचली नसतील तर गटाच्या वाचनालयात मागा. दुःखाच्या दिवसांचं वर्णन करतानाही त्या बाईंना हसू आवरत नाही.

आता यादीतल्या शेवटच्या नावाकडे. पंडिता रमाबाईंचं लग्न झालं 1880 साली आणि 1882 मध्ये त्या विधवा झाल्या. पदरात लहानगी मनोरमा. त्यांचे आईवडील त्याआधीच दुष्काळात उपासमारीनं गेले होते. 1883 साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं, विधवा मुलींसाठी. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बालविधवेचे केस काढत, एकवेळ जेवण देत, मंगलकार्यात ती समोर आली तर अपशकुन मानत. अशी मुलगी शाळेत वही घेऊन बसते, हीच केवढी गोष्ट होती. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या. तिथं बायका शेती करत, माग चालवत, छापखाना चालवत. रमाबाईंनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, ते छापायचं कामही तिथल्या बायकांच्या हातून झालं.

1905 च्या जून अखेरीस मुक्तीमध्ये एक धार्मिक जागृती झाली. ज्यांनी ती पाहिली त्यांनी लिहून ठेवलंय. आधी दिवसचे दिवस रडणं. मुली आपली पापं सांगत, जमिनीवर पडून प्रार्थना करत. आणि त्यामागून आनंद आला, टाळ्या, गाणं, नाचणं. सगळ्या एकदम मोठ्यानं प्रार्थना करत. काही पाहुण्यांना हा गोंगाट रुचला नाही, शिस्त सुटली असं वाटलं. आम्हाला मात्र वेगळंच दिसतं. ज्यांना लग्नाच्या मांडवात पाऊल टाकायला बंदी होती, ज्यांच्या टाळीचा आवाज कुणाला ऐकायचा नव्हता, त्या टाळ्या वाजवून नाचत होत्या. त्यातल्या किती जणींनी त्याआधी आयुष्यात कधी नाचून पाहिलं असेल? नंतर त्यातल्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत प्रार्थनेला आणि सांगायला जात.

सगळंच तिथं छान होतं असं आम्ही म्हणणार नाही. रमाबाईंच्या धर्मांतरावरून तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण पंगतीचा प्रश्न धर्माच्या वादापेक्षा लहान नाही. तो प्रत्येक धर्माच्या घरात आहे. ख्रिस्ती घरातसुद्धा. नाताळच्या करंज्या तळणारी बाई मध्यरात्रीच्या उपासनेला तेलकट हातानं, सगळ्यांच्या मागून, पोचते. लूकच्या शुभवर्तमानात मार्था अशीच कामात बुडालेली, बहीण मरिया येशूच्या पायांशी ऐकत बसलेली, आणि मार्था कुरकुरते. येशू मरियेची बाजू घेतो. आमच्यातली एक म्हणाली, "बरोबर आहे, पण मग भाकरी कुणी भाजल्या?" याचं उत्तर लूकनं दिलेलं नाही.

फोन करणाऱ्या ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं पुरतं उत्तर आमच्याकडेही नाही. पण या दुपारच्या वाचनानंतर आमच्या गटानं एक केलंय. दर महिन्याच्या बचतीतून प्रत्येकीचे दहा रुपये वेगळ्या पानावर लिहायला सुरुवात केलीय. हे पैसे कर्जाऊ द्यायचे नाहीत. सुगी झाली की एका दुपारी जेवण करायचं, स्वयंपाक बाहेरून सांगायचा, आणि गावातल्या सगळ्या एकट्या बायकांना आधी बोलवायचं. पानाच्या वर नाव काय लिहावं यावरून वाद झाला. खजिनदारांनी शेवटी 'गाठ' असं लिहिलं.